पंपघराजवळचा बिंदू

४ मार्च, सकाळ

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असशील तर निदान पहिलं पान वाचून फाड. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण फोन तू उचलत नाहीस. काल तीनदा केला, तिन्ही वेळा दोन घंट्या वाजून कापला गेला. वहिनीचा नंबर लागतच नाही. मग राहिलं पोस्ट. आपल्याकडचं पोस्ट अजून दुसऱ्या दिवशी पोचवतं, तेवढी एकच गोष्ट इथे वेळेवर चालते.

खुशाली विचारत नाही, कारण ती मला माझ्या गच्चीवरून दिसते. मधे तळं आहे म्हणून काय झालं, तिपाईवरच्या दुर्बिणीतून तुझ्या कोंबड्यांच्या नव्या शेडचे हिरवे पत्रे मोजता येतात. बदकं बघताना नजर पलीकडच्या काठावर जातेच, त्याला माझा इलाज नाही. हे निम्मं खरं आहे.

आता कामाचं. परतीचा मोसम सुरू झालाय. थंडीभर विखुरलेली बदकं तळ्याच्या मधोमध गोळा व्हायला लागली आहेत. दुप्पट खातात, उगाच पंख फडफडवून बघतात, आणि वारा फिरला की एखाद्या संध्याकाळी निम्मं तळं रिकामं होतं. या दिवसांत मोजणी सोपी. नर नव्या पिसांत असतात, भुवई बदकाची पांढरी भुवई तर मला चष्म्याशिवायही दिसते. काल मी भुवई बदकंच मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत आले आणि एक नर जागच्या जागी गोल फिरताना दिसला.

आधी वाटलं, खातोय. थापट्या बदकं अशी घोळक्यानं फिरतात, पाणी ढवळतात आणि वर आलेलं चोचीनं गाळून खातात. हे मला पहिल्यांदा तूच दाखवलं होतंस, तेव्हा तू माझ्या खांद्याएवढाही नव्हतास. पण हा थापट्या नव्हता, आणि एकटाच होता. त्याची मान पाठीवर वळली होती आणि ती त्याला सरळ करता येत नव्हती. वीस मिनिटं मी पाहत होते. मग तो फिरायचा थांबला. आज सकाळी तसे दोन होते.

तुला कळलं मी कशाला घाबरले ते. तू शहाणा आहेस, माझ्यापेक्षा जास्त, आणि दुधानं पोळलेला आहेस. म्हणून यादी करते, रागावून का होईना पण कर. पाण्याची टाकी आजच झाक. शेडच्या खिडक्यांची जाळी बोटानं चाचपून बघ, चिमणीसुद्धा आत जाता कामा नये. खाद्याची पोती उघड्यावर नकोत. आत जाताना वेगळे बूट, दारातल्या औषधाच्या ट्रेमध्ये पाय बुडवल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही, मग ते घरचं माणूस असो, घाईत असो, की मोठी बातमी घेऊन आलेलं असो. बुटांचं मी जास्त सांगते आहे. असू दे.

वहिनीला शेडमध्ये जाऊ देऊ नकोस. तिला तो दम्याचा त्रास अजून होतो का?

पत्र लिहिण्याआधी हात साबणानं दोनदा धुतले, मग स्पिरिटनं पुसले. भीतीला काही मोजमाप नसतं.

तुझी ताई


६ मार्च, दुपार

धाकट्या,

उत्तर येईल असं मी म्हटलंच नव्हतं, तरी आज पोस्टमन दिसला तेव्हा जिना उतरून गेले. विजेचं बिल होतं.

अकरा मेली आहेत. नऊ भुवई, दोन तलवार बदकं. ही मला दिसली ती. गवतात किती असतील कोण जाणे. पहिलं कुठे सापडलं ते नीट वाच, कारण आता सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिलं सापडलं उत्तरेच्या काठावर, जुन्या पंपघराच्या पायऱ्यांपाशी, काल सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी. भुवई, मादी. मी वहीत तिथंच, उभ्या उभ्या लिहिलं. आमच्या मोजणीवाल्यांचा एकच धर्म: जे पाहिलं ते, जिथं पाहिलं तिथंच, त्याच वेळी लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहिलेली नोंद म्हणजे गप्पा.

घरी आले आणि नकाशा काढला. नकाशा कार्यालयात एकतीस वर्षं कंपास फिरवला. पंपघरावर टोक ठेवलं आणि एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं. पहिला मेलेला पक्षी जिथं सापडतो तिथून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाळीव पाखरं मारायची, हा नियम तुला मी काय सांगू. वर्तुळ तुझ्या शेडच्या पलीकडून गेलं. मी पट्टी लावून मोजलं. आठशे वीस मीटर. पुन्हा मोजलं. पट्टी बदलली. आठशे वीस.

स्वयंपाकघरात जाऊन बसले. गॅसवर काहीतरी ठेवलं होतं, ते करपल्यावर उठले.

मी अजून पशुवैद्यांना फोन केलेला नाही. वाच पुन्हा. अजून केलेला नाही. मागच्या वेळी, तुझ्या सगळ्या कोंबड्या मारल्या तेव्हा, तू फाटकात उभा राहून काय म्हणाला होतास ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. "सख्खी बहीण असून फोन केलास. मला एक शब्द विचारला नाहीस. उद्या सकाळपर्यंत थांबली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?" वहिनी मागे उभी होती आणि रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. मग तू खिडकीकडे बोट दाखवून म्हणालास, "चूक माझीच. जाळी फाटलेली दिसत होती, आज लावू उद्या लावू केलं. पण तू फोन करायला नको होतास." तेव्हापासून तू जाळीचं बोलतोस आणि मी फोनचं ऐकून घेते, असं आपलं चाललं आहे, म्हणजे न बोलता.

आमच्या पक्षिमंडळाचा सेक्रेटरी आज सकाळी तळ्यावर येऊन गेला. बँकेतून निवृत्त झालेला, गळ्यात दोन दुर्बिणी, एक बघायला आणि एक दाखवायला. मी त्याला गोल फिरणारं बदक दाखवलं. म्हणतो, "थापट्या असेल हो, थापट्या फिरतात असे." मी म्हटलं, भुवई आहे. "अंतर जास्त आहे, गल्लत होते." उंटावरचा शहाणा. आणि धाकट्या, मला क्षणभर इतकं बरं वाटलं! वाटलं, असेलच थापट्या. माझ्या डोळ्यांना वयानं दगा दिला असेल. मी चक्क प्रार्थना करत होते की माझी ओळख चुकलेली असो.

चुकलेली नव्हती. उद्या सकाळपर्यंत थांबते. या वेळी थांबते. तोपर्यंत तू काय करायचं ते मी सांगत नाही, मला ते सुचतही नाही. कोंबड्या विकू मात्र नकोस. कुठेही हलवू नकोस. हे सांगायचं म्हणून सांगितलं.

ताई


७ मार्च, संध्याकाळ

धाकट्या,

फोन केला. सव्वाआठ वाजता. पशुवैद्य दहाला आल्या, पांढऱ्या झग्यात, तोंडावर पट्टी, डोळे तेवढे दिसत होते. तुला किंवा मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. आवाज शांत. अशा माणसासमोर खोटं बोलणं फार सोपं असतं, हे मला आज कळलं.

आता मी जे लिहिते ते वाचून झाल्यावर जाळ.

त्या येण्याआधी, साडेपाचला, मी पंपघरावर गेले. दोन हातमोजे एकावर एक घातले, पायऱ्यांपाशी अजून पडलेली ती मादी पिशवीत घातली आणि तळ्याला वळसा घालून दक्षिणेच्या बेटासमोर, पाणकणसांत नेऊन ठेवली. पंपघरापासून तिथं चालत चाळीस मिनिटं. वाटेत एक फिरायला येणारे गृहस्थ भेटले, म्हणाले, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच." पिशवी माझ्या आड राहील अशी मी उभी राहिले होते.

मग वही काढली. तीस वर्षांच्या माझ्या वह्यांत खोडरबर कधी लागला नव्हता. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, खोडायचं नाही. "पंपघर" खोडलं. कागद तिथं खरवडला गेला. त्यावर "दक्षिण बेट" लिहिलं.

डॉक्टरबाईंनी वही पाहिली, नकाशावर बोट ठेवलं. "काकू, पहिलं इथंच दिसलं ना? नक्की?"

"नक्की."

"तुमच्यासारखी नोंद करणारी माणसं असली की आमचं काम निम्मं होतं," असं म्हणाल्या. मी बुटांकडे बघत राहिले.

बेटापासून तुझी शेड एक हजार चारशे मीटर आहे. तू बाहेर आहेस. बाहेरच्या पट्ट्यात फक्त फोन करून विचारतात, पाखरं ठीक आहेत का. तुला फोन येईल. ठीक असतील तर ठीक सांग.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन कपडे उकळत्या पाण्यात टाकले, डोक्यावरून आंघोळ केली, आणि मग उजव्या हातमोज्याच्या अंगठ्याला चीर दिसली. आतल्याही. चीर लहान आहे, तांदळाएवढी. अंगठ्याला काही खरचटलेलं नाही. दिवसातून दोनदा ताप बघणार आहे. आज सकाळी ९८.२, आत्ता ९८.४. तुला कशाला सांगते आहे हे? दुसरं सांगायला कोणी नाही म्हणून.

ताई


१० मार्च, दुपार

धाकट्या,

नमुन्यांचं आलं. बर्ड फ्लूच आहे.

आज सकाळी दक्षिणेच्या काठावर गाड्या आल्या. तिकडे मोठी शेड एकही नाही, घरामागच्या आठ-दहा कोंबड्या असलेली माणसं आहेत. माझ्या पायजम्यांच्या पट्ट्या दुमडून देणारी शिंपीणबाई तिथंच राहते. तिच्या अकरा. नावं ठेवलेली होती तिनं, मला माहीत होतं, कपडे आणायला गेले की ती मला त्यांच्या तक्रारी सांगायची. मी गच्चीवरून पाहिलं. ती फाटकाला धरून उभी होती आणि पांढऱ्या झग्यातला माणूस पोत्याचं तोंड बांधत होता. दुर्बीण चांगली असली की माणसाचं तोंडसुद्धा स्पष्ट दिसतं. मी दुर्बीण फिरवली.

तिची पाखरं बेटापासून सहाशे मीटरवर. पंपघरापासून धरली असती तर दोन हजाराच्या वर. पट्टी मी लावून बघितली, काय करू, सवय.

तुझं मात्र दिसलं. टाकीवर झाकण आहे! खिडक्यांना बाहेरून दुसरी जाळी लावलीस, दारात ट्रे ठेवलास. म्हणजे तू वाचतोस. पहिलं पान वाचून फाडलंस का पूर्ण वाचलंस ते माहीत नाही, पण वाचतोस. सहा वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. खुळ्यासारखी गच्चीवर उभी राहून हात हलवला. तुला दिसणं शक्य नव्हतं.

काल संध्याकाळी वारा फिरला आणि धडधाकट बदकं निघून गेली. साडेसहाला पाणी एकदम उकळल्यासारखं झालं आणि चारशे-साडेचारशे उठली, दोन फेऱ्या मारल्या आणि उत्तरेला गेली. दरवर्षी हे बघून मला भरून येतं. काल मी फक्त विचार करत होते की यांच्यातली किती पुढच्या तळ्यावर गोल फिरणार आहेत, आणि तिथं कोणी मोजणारं आहे का, आणि असलं तर ते खरं लिहील का.

ताप ९८.८. गच्ची चढून आल्यावर घेतला होता, त्यामुळे धरत नाही.

ताई


१२ मार्च, सकाळ

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. "पत्रं पाठवू नकोस. इथं सगळं ठीक आहे." दोन वाक्यं. अक्षर तुझंच आहे, पण "ठीक"वर पेन इतकं दाबलंस की मागून बोटाला लागतं.

कार्ड हातात होतं तेव्हा मी गच्चीवरच होते.

मी काल सकाळी काय पाहिलं ते तुला सांगते. तू शेडच्या मागच्या दारानं बाहेर आलास, खांद्यावर पोतं. शेडमागच्या चिंचोळ्या पट्टीत खड्डा होता, तो परवा नव्हता. पोतं टाकलंस, माती ओढलीस. मला वाटलं घाण असेल, फुटकी अंडी असतील. माणूस स्वतःला काय काय समजावतो. दुपारी दोन पोती. आज सकाळी सात वाजेपर्यंत सहा. सहाव्याचं तोंड सुटलं आणि तू ते हातांनी गोळा केलंस. उघड्या हातांनी, धाकट्या. तोंडाला काही नाही. तू वाकलास आणि एक एक उचलून पोत्यात भरलीस, आणि मग कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसलास. मी गच्चीवरून ओरडले. दीड किलोमीटरवर. खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली.

त्यांनी तुला फोन केला असणार आणि तू "ठीक" म्हणाला असणार. मीच तुला तसं लिहिलं होतं. ठीक असतील तर ठीक सांग. नसतील तर काय सांगायचं ते मी लिहिलं नव्हतं, मुद्दाम नव्हतं लिहिलं, कारण मला ते नको होतं.

आतमध्ये आलं कसं? मी कालपासून हेच घोकते आहे. टाकी झाकली, जाळी दुहेरी. चिमणी? उंदीर? आधीच आलेलं होतं? का माझ्या पहिल्या पत्राबरोबर आलं? मी हात स्पिरिटनं पुसले होते, पण कागद? कागद माझ्या टेबलावर होता, टेबलावर मी वही ठेवली होती, वही पंपघरावर गवतात टेकवली होती. असं होत नाही, डॉक्टरबाईंना आडून आडून विचारलं, त्या म्हणाल्या कागदातून असं सहसा येत नाही. "सहसा" हा शब्द मला झोपू देत नाही.

फोन उचल. निदान वहिनीला हातमोजे दे.

ताप ९९.६.

ताई


१४ मार्च, सकाळ

धाकट्या,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. डॉक्टरबाई खाली गाडीत थांबल्या आहेत. मी त्यांच्याकडे दहा मिनिटं मागितली, त्यांनी घड्याळ बघून पंधरा दिली. त्या आता तुझ्याकडेच येतायत आणि हे त्यांच्याच हाती देणार आहे. म्हणजे तू वाचत असशील तेव्हा त्या तुझ्या फाटकाबाहेर उभ्या असतील.

काल सकाळी सातला फोन मीच केला. पुन्हा मीच. सगळं सांगितलं: पंपघर, पिशवी, खोडरबर, तुझी पोती. त्या म्हणाल्या, "काकू, सहा दिवस गेले." त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. काल दिवसभर त्या शिंपीणबाईच्या बाजूला अडकल्या होत्या, तिच्या घरातल्यांची तपासणी चालली होती. म्हणून तुझ्याकडे आज. तोही एक दिवस माझ्याच नावावर.

तुला वाटेल मी घाबरून फोन केला. घाबरूनच केला. तुमच्या दोरीवर एक निळी चादर आहे. ती अकरा तारखेला वाळत टाकली ती अजून तिथंच आहे. वहिनी तीन दिवसांत बाहेर आलेली नाही. चादर वाळल्यावर तासभर दोरीवर राहू देणारी ती बाई नाही, मला माहीत आहे, मी तिच्याबरोबर एका घरात राहिलेय. आणि काल सकाळी साडेसहाला तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलास, पोत्यावर बसलास आणि खोकायला लागलास. आवाज येत नव्हता. नुसतं दिसत होतं, तुझी पाठ कशी हलते ते. मी घड्याळ लावलं. चार मिनिटं. धाकट्या, मी आयुष्यभर लांबून बघितलं आहे, नोंद केली आहे आणि घरी गेले आहे. काल मला दुर्बिणीची किळस आली.

आता ते, जे मला सहा वर्षांपूर्वी फाटकातच सांगायचं होतं.

तुझी जाळी फाटकी होती. पण त्या जाळीनं काही केलं नव्हतं. मी केलं.

त्या वर्षीही परतीचे दिवस होते. मला काठावर एक मेलेलं बदक सापडलं. मादी, फिकट, अंगभर मळकट ठिपके. आपल्या तळ्यावर असलं बदक कोणी कधी लिहिलेलं नव्हतं. मी पुस्तकं उलटली, पंख उघडून पट्टीनं मोजला, तरी खात्री होईना. माद्यांची ओळख हे तुझं काम. तपकिरी तपकिरी सगळ्या सारख्या, आणि तू लांबून मानेवरून सांगायचास. मला वाटलं, धाकट्याला दाखवावं. त्याचा चेहरा बघावा. सायकलच्या पिशवीत ते बदक घातलं आणि तशीच आले, चिखलाच्या बुटांनी. पुढच्या दाराशी ट्रे होता, म्हणून मागच्या दारानं आले, कारण बूट ओले करायचा कंटाळा. तू शेडच्या पार दुसऱ्या टोकाला खाद्य टाकत होतास. म्हणालास, "थांब तिथंच, आलो." मी थांबले नाही. मधल्या वाटेनं सगळ्या कोंबड्यांमधून चालत तुझ्यापर्यंत आले. तेवढ्यात खाद्यवाला आला, तू त्याच्याशी बोलत बसलास, आणि मी म्हटलं, असू दे, उद्या दाखवते.

चौथ्या दिवशी तुझ्या कोंबड्या पडायला लागल्या. तू मला बोलावलंस. मी दारातूनच पाहिलं आणि मला कळलं. त्या दिवशी मी इतक्या झटपट फोन केला तो कर्तव्य म्हणून नाही. तू विचारायच्या आत सरकारी माणसं यावीत, आणि सगळ्या गडबडीत मी कुठून आत आले होते ते कोणाला आठवू नये, म्हणून केला. बदक मी घरामागे पुरलं. ती नोंद मी कुठेही पाठवली नाही. ते कुठलं बदक होतं ते मला आजही ठाऊक नाही.

आणि तू फाटकात म्हणालास, चूक माझीच, जाळी. मी ऐकून घेतलं. वहिनीनं त्या जाळीवरून तुला काय काय ऐकवलं असेल, तू रात्री किती वेळा उठून ती चाचपली असशील, आता नव्या शेडला एकावर एक दोन जाळ्या का लावल्यास, हे मला सगळं दिसत होतं. चांगली दुर्बीण आहे माझी. झाकली मूठ मी सहा वर्षं झाकून ठेवली, आणि वर तुझ्यावरच रुसले, की भाऊ बोलत नाही.

या वेळीही मी बिंदू हलवला तो तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. आज खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते: तो मी माझ्यासाठी हलवला. पुन्हा एकदा तुझी शेड रिकामी करणारी बहीण व्हायचं नव्हतं मला. बिंदू जिथं होता तिथं ठेवला असता तर सात तारखेलाच कोणीतरी तुझ्या दारात आलं असतं, हातमोजे घेऊन, औषधं घेऊन. तुझ्या कोंबड्या गेल्याच असत्या. तुम्ही दोघं पोती उचलत बसला नसता.

मला आज अंगात कणकण आहे, १०१. माझाही घसा पुसून नमुना घेतला आहे, मला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवणार आहेत. बाईंनी सांगितलं, लवकर औषध मिळालं तर बहुतेक माणसं बरी होतात. त्यांनी "बहुतेक" म्हटलं. मी विचारलं, तीन-चार दिवस उलटून गेले असतील तर? त्या म्हणाल्या, "म्हणून तर घाई करायची, काकू." वहिनीचा दमा मी त्यांना सांगितला आहे. गाडीत ऑक्सिजन आहे, मी स्वतः डोकावून पाहिलं, दोन नळकांडी.

खाली हॉर्न वाजला. पंधरा मिनिटं झाली.

तू फाटक उघडणार नाहीस अशी मला भीती वाटते. मी तुला ओळखते. तू आतून म्हणशील, "सगळं ठीक आहे, जा." वहिनी आतल्या खोलीतून मान हलवेल, तुझा शब्द खाली पडू नये म्हणून. तसं करू नकोस. हे कोणी तुझ्याविरुद्ध केलेलं नाही, तुझ्या हातून काही झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं. हे मी सही करून डॉक्टरबाईंना लिहून दिलं आहे, तारखेसह.

मला काय बोलायचं ते नंतर बोल, कितीही बोल, मी ऐकेन. आधी वहिनीला गाडीत बसव.

ताई